सुकलूच्या जीपमधली शिट्टी

७ जानेवारी २०२५, मंगळवार

सुकलूच्या जीपमधल्या अँपला, म्हणजे गाण्याच्या अँप्लिफायरला, काहीही झालेलं नाही. फ्यूज ठीक, चारही चॅनल ठीक. दुकानातल्या बॅटरीवर तासभर वाजवलं — आवाज एकदम साफ. आणि सुकलू म्हणतो, शिट्टी वाजते!

सुकलू सिंदेवाहीकडचा. त्याची जुनी जीप आहे, लोकांना बाजाराला नेतो, लग्नाच्या वराती नेतो. आज अँप पिशवीत घालून पॅसेंजरने थेट बल्लारपूरला माझ्या दुकानात. म्हटलं, मध्ये चंद्रपूर लागलं नाही का, तिथं काय मेकॅनिक कमी आहेत? तर म्हणाला, "लागते ना. पन मले तुमच्याकडंच यायचं होतं. नूरभाऊनं तीन डाव खोललं. म्हनते, याले काई नाई झालं. पन शिटी तं वाजूनच राह्यली. पुढच्या महिन्यात रीताचं लगन हाये, माह्या पोरीचं. वरातीत अशी शिटी वाजन का?"

नूरभाऊ म्हणजे माझे सख्खे भाईजान. नूरुद्दीन. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. सिंदेवाहीचं अब्बांचं दुकान तेच चालवतात. बावीस वर्षं झाली, आमचं बोलणं ईदच्या फोनपुरतं. तेही 'तब्येत ठीक?' 'ठीक' एवढंच.

झाकण उघडलं आणि हात थांबला. आतल्या पत्र्यावर पेन्सिलीने तीन तारखा, प्रत्येकीपुढे 'नू'. ही आमच्या दुकानाची पद्धत — जो उघडेल त्याने आत तारीख घालायची. पूर्वी त्यांचा 'नू' आणि माझा 'मु' शेजारी शेजारी असायचे. आता नुसताच 'नू'.

सोल्डरिंगचे टाके बघितले. काही बिघडलेलं नसताना भाईजानने प्रत्येक टाका काढून नव्याने मारलाय. हात अजून तोच. मण्यासारखे गोल टाके.

८ जानेवारी

सुकलूला फोन केला. म्हटलं, नुसतं अँप आणून काय होणार, जीप घेऊन ये. टेबलावर रोगी बरा आहे, घरी जाऊनच खोकतो.

९ जानेवारी, गुरुवार

गिऱ्हाईक नाही. डोक्यात दिवसभर सिंदेवाही.

अब्बांचं दुकान होतं तेव्हा रेडिओ, टेप, आणि लग्नसराईत भोंगे भाड्याने. झाडावर बांधायचे ते लांब तोंडाचे पत्र्याचे भोंगे. अब्बा मोठ्याने बोलायचे, साधं 'पाणी दे' म्हणाले तरी भांडल्यासारखं. आम्ही समजायचो, रागीट आहेत. ते थकल्यावर भोंग्याचं काम भाईजानकडे आलं. मी शाळेतला, त्यांच्या मागे मागे. मला मशीनजवळ बसायचं असायचं — लाल दिवा, तबकडी, सगळी मजा तिथेच ना! पण भाईजान बसू देत नसत. मांडवाच्या पार पलीकडे, बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली उभं करायचे. "आवाज आला का हात वर कर." मी हात वर करायचो. तरी जवळ बोलवायचे नाहीत. दोन-दोन दिवस ते भोंग्याच्या बुडाशी बसलेले आणि मी झाडाखाली मुंग्या मोजतोय. फार राग यायचा. वाटायचं, मला शिकवायचंच नाहीये.

शिकवलं मात्र त्यांनीच. पेचकसाचं टोक अँपच्या पत्र्याला लावायचे, मूठ कानाला. मीटर शेवटी. गाडीचं काम असलं की पहिलं वाक्य ठरलेलं — "इंजिन बंद कर, मले ऐकू दे."

एकदा एटापल्लीच्या एका जीपला अँप बसवायला दोघं गेलो होतो. परत येताना जंगलात गाडी थांबवून भाईजान म्हणाले, आता वाजव. सागाची पानं पडत होती, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आम्ही दोघं बॉनेटवर बसून गाणी ऐकतोय. टिफिनमधला खिमा थंड झालेला. तसं जेवण पुन्हा झालं नाही. मला तो दिवस परत पाहिजे, बस.

१० जानेवारी, शुक्रवार

जुम्म्याची नमाज पढून आलो तर जीप दारात उभी. अँप जोडलं. इंजिन बंद — आवाज साफ. इंजिन चालू — शिट्टी! बारीक, टोकदार. रेस दिली की वर चढते, सोडली की उतरते. सुकलू म्हणाला, "आता पटलं ना जी तुमाले?"

दहा मिनिटांत सापडलं. अँपची काळी वायर सीटखाली बोल्टने जीपच्या पत्र्याला जोडलेली असते. तिला आम्ही बॉडी अर्थ म्हणतो. दिवाळीत सुकलूने जीप रंगवून घेतली. रंगवणाऱ्याने बोल्ट खोलला, खालचा पत्राही रंगवला, आणि रंगावरच परत बोल्ट कसला. वर नवं रेक्झिन, म्हणून दिसत नाही. अर्थ धड लागत नाही, मग इंजिनचा करंट गाण्यात घुसतो. रंग खरवडला की काम संपलं. भाईजानचं काही चुकलेलं नाही. चूक एवढीच, की नेहमीसारखं इंजिन बंद करून ऐकलं!

कानस हातात घेतली. आणि ठेवून दिली.

इथे खरं लिहायला हरकत नाही. २००३ साली अगदी अशीच शिट्टी होती. दुसरी जीप, आमच्याच दुकानासमोर. भाईजान म्हणाले, झालं काम. मी इंजिन चालू केलं. शिट्टी वाजायला लागली, चार गिऱ्हाइकं उभी होती, सगळ्यांनी ऐकली. आणि भाईजान शांतपणे म्हणतात, "कुठी हाये शिटी?" माझं डोकं फिरलं. सत्तावीस वर्षांचा होतो. सगळ्यांसमोर बोललो — "भाईजान, लोकायसमोर खोटं काऊन बोलता?"

ते दुकानात गेले, माझी पेचकसांची पेटी आणून माझ्या हातात दिली. मी बल्लारपूर गाठलं.

तेव्हापासून एकच पाहिजे आहे. त्यांनी एकदा म्हणावं — हो, शिट्टी होती.

सुकलूला सांगितलं, रविवारी मी सिंदेवाहीला येतो, तिथंच करू. तो चक्रावला. "सापडलं म्हनता, मंग काऊन नाई करत?" म्हटलं, भाईजानच्या दुकानासमोर गाडी लाव, तिथं करतो. बिचारा शिट्टी वाजवतच परत गेला.

११ जानेवारी

नसीमला सांगितलं, उद्या सिंदेवाही. बायको आहे, बावीस वर्षांत तिला सगळं पाठ झालंय. म्हणाली, "भावाले भेटाले जाता का हरवाले?" मी चहा प्यायलो आणि उठलो.

१२ जानेवारी, रविवार

सकाळच्या गोंदिया गाडीने गेलो. दुकानाचा रंग उडालाय. भाईजानची दाढी पूर्ण पांढरी. म्हणाले, "आलास?" जणू मी कोपऱ्यावरून पान खाऊन आलो.

सुकलूची जीप समोरच. नाहीद भाभीने चहा आणला. मी चहालाही हात लावला नाही, एवढी घाई. म्हटलं, सुकलू, इंजिन चालू कर. भाईजान म्हणाले, "बंद राहू दे, मले ऐकू दे." मी म्हटलं, नाही, चालूच ठेव. रेस दे.

शिट्टी अशी वाजली की भाभीने पदर कानावर घेतला. समोरचा टेलर बाहेर येऊन बघायला लागला. आणि मी भाईजानकडे बघत होतो — आता बोला!

भाईजान स्पीकरकडे बघतच नव्हते. ते भाभीच्या पदराकडे बघत होते. मग टेलरकडे. मग माझ्या तोंडाकडे. परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर बघावा तसे. आणि हळूच म्हणाले, "वाजून राह्यली का?"

भाभी हसत म्हणाली, "याह्यचं काय सांगू! कुकरच्या शिट्ट्याबी मीच मोजतो, निकाह झाला तवापासून. बाजूले बसून अस्ते, पन ध्यान कुठी अस्ते कोन जाने."

निकाह १९९८ चा. आमचं भांडण २००३ चं.

मी जीपच्या पायरीवर बसलो. साधं बोलणं त्यांना ऐकू येतं, मशिदीतली अजान येते, गाणं येतं. बारीक आवाज तेवढा येत नाही. तेव्हाही येत नव्हता. ते खोटं बोललेच नव्हते. मी चार लोकांत त्यांना खोटारडा म्हणालो आणि बावीस वर्षं माफी त्यांनी मागावी म्हणून वाट बघत बसलो.

शेवटी म्हटलं, "भाईजान, सीटखालचा अर्थ बघता का? दिवाळीत रंग देल्ला म्हनते." एवढंच पुरलं. त्यांनी रेक्झिन उचललं, बोल्ट खोलला, कानशीने घासून पत्रा चकचकीत केला. बोटाने चाचपला. बोल्ट कसला. इंजिन चालू झालं. ते परत माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "गेली."

मग ते हसले. झाकणाच्या आत तारीख घातली. 'नू' लिहिलं आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

स्टेशनवर सोडायला चालत आले. मी म्हटलं, भाईजान, तेव्हा सांगितलं का नाही? म्हणाले, "तू बोलला तवाच मले समजलं का मले ऐकू येत नाई. त्याच्या आंधी कुठी मालूम होतं? आन बहिऱ्या मेकॅनिककडे रेडिओ कोन आनते? खोटारडा म्हटलं तं म्हटलं. दुकान तं चाललं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "सुकलूले तुह्याकडं कोन धाडलं वाटते तुले?"

माफी मागितली. रडलो. प्लॅटफॉर्मवर लोक होते, असू देत.

१३ जानेवारी

एक गोष्ट काल लिहवली नाही. गाडी आली तेव्हा विचारलं — लहानपणी मला भोंग्याजवळ का बसू देत नव्हतात? एवढ्या लांब, मोहाखाली का उभं करायचात?

म्हणाले, "अब्बाचे कान भोंग्यानंच गेल्ते. घरात एकाचे तरी राह्यले पायजे ना."