किड्याचा लॅप

४ फेब्रुवारी
सहा जणांतून दोघं उरलो – मी आणि किडा. जागा एकच. मोटरसायकल रेसिंगच्या अख्ख्या हंगामाची गाडी, टायर, मेकॅनिक, सगळं टीमचं! उद्या शेवटची चाचणी. ज्याचा लॅप कमी वेळाचा, त्याची जागा. मॅनेजरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "इथे वशिला चालत नाही. घड्याळ बोलेल." या खेळातलं मला हेच तर आवडतं. तुमचा बाप कोण, हे घड्याळ विचारत नाही.

घरी जेवताना आई सुरू झालीच – "घरात पहिली पदवी आली, ती काय टाकीवर पालथं पडायला?" बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणाले, "मी जन्मभर लोकांना वर-खाली नेलं. हिला पुढे जायचंय, तर जाऊ दे की." त्यावर आई, "तुम्ही तर बोलूच नका. तुमच्या लाडानंच झालंय हे."

जागा नाही मिळाली तर गाडी सोडून बँकेच्या परीक्षेचा क्लास. आईला शब्द दिलाय. म्हणजे उद्या एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही.

५ फेब्रुवारी, सकाळ
मोजे उलटे घातले होते!

सरळ पट्ट्यावर समोरून वारा आहे. एकट्यानं पळालं तर गाडी भिंतीला रेटल्यासारखी होते. किड्याशी ठरलं – एक लॅप तो पुढे, मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून. वारा तो खाणार, वेळ मला मिळणार. पुढचा लॅप मी पुढे, तो मागे. सगळेच रायडर असा टो देतात-घेतात, त्यात लबाडी नाही. आधी कोणी घ्यायचा? नाणं उडवलं. मी जिंकले.

"मास्तरीणबाई, नंतर विसरू नका म्हणजे झालं," म्हणाला. माझी पदवी झाल्यापासून त्यानं हेच नाव ठेवलंय.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
आयुष्यातला सगळ्यात चांगला लॅप. किडा टाकीवर इतका चपटा होतो की मागून माणूस दिसतच नाही, नुसती गाडी पळतेय असं वाटतं. म्हणून तर किडा! रेषा ओलांडली, मी पुढे झाले, त्याला हातानं खूण केली – ये, आता तुझी पाळी. आणि समोर पिटच्या – मेकॅनिक उभे असतात त्या – भिंतीवर बोर्ड. माझा नंबर. खाली बाण – आत ये.

बोर्ड दिसला की आत यायचं. जो येत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतात. पहिल्याच दिवशी शिकवलंय.

मी आत गेले.

किडा एकटाच वाऱ्यात गेला. केसभर कमी पडला.

साहेब म्हणाले, "टायर वाचवायचे होते म्हणून बोलावलं. अभिनंदन!" रंगाच्या कंपनीचा माणूस आला होता – टीमचा खर्च तेच करतात. त्यानं माझ्या डोक्यावर त्यांची टोपी ठेवली. "हसा ना. केस जरा मोकळे सोडा." खटाखट फोटो.

जागा माझी! मग ती टोपी मी बॅगेच्या तळाशी का कोंबली?

६ फेब्रुवारी
मेकॅनिककाकांना विचारलं, "वाचवलेले टायर कुठायत?"
काका फडक्यानं हात पुसत राहिले. हात केव्हाच पुसून झाले होते.
"कालच भंगारात टाकले."
"मग मला आत का—"
"मला बोर्ड धर म्हणाले, मी धरला. माझ्या तोंडून काही वदवू नकोस, बाई."

७ फेब्रुवारी
किडा फोन उचलत नव्हता. शेवटी तो काम करतो त्या पार्सलच्या गोदामाबाहेर जाऊन उभी राहिले. पाठीवर खोकं घेऊन आला. हसलाच!
"अगं, बोर्ड दिसल्यावर तू काय करणार होतीस?"
मला हलकं वाटलं. तेवढ्यात म्हणाला, "पण खरं सांगू? मी नसतो आलो आत."

८ फेब्रुवारी
आई शेजारी सगळ्यांना सांगून आली – आमची निवडली गेली! आईनं! मला कुठे तोंड लपवू असं झालं.

९ फेब्रुवारी
गेले साहेबांकडे.
"करारावर सही करण्याआधी किड्याला त्याचा लॅप द्या. मी पुढे राहीन."
"वाढलेलं ताट लोटतेस? हरलीस तर?"
"तर हरले. घड्याळ बोलेल, असं तुम्हीच म्हणालात."
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाच्या चित्राकडे बघतात. "बरं. परवा ट्रॅक आपल्याकडेच आहे. कर तुझी हौस."

बाहेर आले तेव्हा छाती दोन इंच फुगली होती. जिन्यातच सगळी हवा गेली. आईला काय सांगू?

१० फेब्रुवारी
दिवसभर हवामान बघतेय. वारा पडावा की सुटावा, तेच ठरेना. मूर्ख!

११ फेब्रुवारी
वारा होता.

मी पुढे, तो मागे. शेवटच्या वळणावर मनात आलं – जरासा लवकर ब्रेक मारला तर कुणाला कळणार? त्याचा लॅप जाईल. बोटं लीव्हरवर होती. नाही मारला. सरळ पट्ट्यावर तो माझ्या मागून असा सुटला की माझी गाडी हलली.

माझ्या त्या दिवशीच्या लॅपपेक्षा कमी वेळ. स्वच्छ, निर्विवाद.

माझ्या हेल्मेटवर टपली मारून म्हणाला, "येडी आहेस तू, मास्तरीण." डोळे भरले होते त्याचे. काकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब फोनवर बोलत होते.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पण बरं वाटलं. खेळ खेळासारखा झाला. फक्त बाबांना सांगितलं. त्यांनी माझं ताट वाढलं. मग म्हणाले, "आईला मी सांगतो. तू जेव."

१३ फेब्रुवारी
साहेबांचा फोन. "करार तुझ्या नावानं तयार आहे."
"पण किड्याचा लॅप?"
"अगं, रंगवाल्यांना पहिल्यापासून मुलगीच हवी होती. वेळ बघितला कोणी? त्याला सांगून झालंय. तू नाही म्हणालीस तर दुसरी मुलगी आहे त्यांच्याकडे. संध्याकाळपर्यंत कळव."

मी हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत थांबलेसुद्धा नाही.