शनिवारच्या बसने येणारी डिस्क

अनगोळ, बेळगाव
मंगळवार

प्रिय भैरवी,

खोकं पोचलं. माझ्या वाटणीच्या एकशे चौदा डिस्का, एकीवरही ओरखडा नाही. वर तुझी चिठ्ठी: आता डाउनलोडच घेते, एकशेवीस रुपयांत पिक्चर घरबसल्या येतो, डिस्क पाचशेच्या खाली मिळत नाही, तेव्हा हा उद्योग बंद. ना वर नाव, ना खाली सही. वीजबिलसुद्धा याहून मायेने येतं गं! तीन दिवस मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. काल आमटीत दोनदा मीठ पडलं.

तीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी, म्हणून आधी हिशेबालाच बसले. एक डिस्क तू घ्यायचीस, पुढची मी, बघायच्या दोघींनी, म्हणजे माणशी अडीचशे. आणि डिस्क हातात राहते, दुसऱ्याला देता येते. डाउनलोड देऊन बघ कुणाला! माझी लेक केतकी तर सांगते की उद्या त्या कंपनीने गाशा गुंडाळला, तर पैसे मोजून घेतलेला पिक्चरही जातो. तरीसुद्धा डाउनलोड निम्म्याने स्वस्त पडतं. चार वेळा मांडलं, चारही वेळा तेच. पण तू पैशांसाठी हे केलेलं नाहीस, हे मला खोकं उघडायच्या आधीच कळलं होतं.

बेळगावच्या ओलीत डिस्कांना बुरशी धरते म्हणून सगळा संग्रह निपाणीला तुझ्या कपाटात ठेवायचा, हे आपण दोघींनी ठरवलं होतं. दर शनिवारी तू भरमू कंडक्टरच्या हातात एक डिस्क द्यायचीस, मी स्टँडवर ती घ्यायची आणि आधीची परत द्यायची, डबीत चिठ्ठी घालून. काय चिठ्ठ्या असायच्या गं त्या! पिक्चरबद्दल दोन ओळी आणि तुझे गुडघे, माझी सून, तुमच्या शेजारणीची भांडणं यांवर दोन पानं.

मग तू तुझ्या मुलासाठी, सूरजसाठी, माझ्या केतकीला मागणी घातलीस. केतकीने नाही म्हटलं, तो तिचा अधिकार. पण ते तुला सांगायला मी निपाणीला यायला हवं होतं. मी फोनवर एका वाक्यात सांगून टाकलं आणि तू काही बोलायच्या आत ठेवून दिला. घाबरले होते. त्याला आता दोन वर्षं झाली. तुझा फोन बंद, माझा बंद, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा बंद. तेवढी डिस्क मात्र चालू राहिली. तुझी चिठ्ठी येईना, माझ्या चिठ्ठीत एकच ओळ उरली, तीही पिक्चरबद्दल.

गेल्या शनिवारी, आता काही येणार नाही हे माहीत असूनही, मी स्टँडवर गेले. भरमूने मला लांबूनच पाहिलं आणि बिचारा ओशाळला. म्हणाला, "बाई, आक्कानी आज काय बी दिल्यालं न्हाय वो. लई दिवसांत हसल्याल्या बी न्हाईत." मी उगीच एका पोराकडे बेंगळूरच्या गाडीची चौकशी केली आणि घरी आले.

खोक्यात सगळ्यांत वर शेवटची डबी होती. तिच्यात माझीच चिठ्ठी, 'प्रिंट चांगली. शेवट आवडला.' आणि खाली तुझ्या अक्षरात, 'चकती माझ्याच प्लेअरमध्ये राहिली होती. डबी रिकामी आली होती तुझ्याकडे.' ते मी पुन्हा वाचलं. तू काय समजली असशील ते कळलं. की ही बया डबी उघडतसुद्धा नाही, मनाला येईल ते खरडते आणि आपली बोळवण करते.

डबी मी उघडली नव्हती, हे खरं. चिठ्ठी झाकणाच्या फटीतून सरकवली होती. पण पिक्चर मी पाहिला होता. शेवटही खरोखर आवडला होता, डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. भैरवी, माझा प्लेअर अकरा महिन्यांपूर्वीच बंद पडला. शहापूरच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, याचा भाग आता येत नाही. नवा घ्यायचं म्हणत होते, तेवढ्यात केतकीने टीव्हीवर डाउनलोड जोडून दिलं आणि मी आळसावले. तेव्हापासून तू जी डिस्क पाठवायचीस, तोच पिक्चर मी एकशेवीस रुपये भरून बघायचे, मग चिठ्ठी लिहायचे आणि तुझी डिस्क जशीच्या तशी भरमूकडे द्यायचे. तुला कळवलं असतं, तर तू म्हणाली असतीस, मग कशाला पाठवू? आणि तू पाठवणं थांबवलं असतंस, तर तुझ्या-माझ्यात काय राहिलं असतं?

म्हणून हे पत्र. फोन करायची माझी लायकी राहिलेली नाही. त्यावर काय केलं होतं ते दोघींना आठवतं. दोन वर्षांपूर्वी जे तुझ्यासमोर बसून सांगायचं होतं, ते सांगायला मी रविवारी सकाळी निपाणीला येते आहे. एकटीच. हे पाकीट उद्या भरमू तुझ्या हातात देईल. मला घरात घेशील की नाही, एवढंच त्याला सांग. नाही म्हणालीस तरी मी गाडीत बसणार आहे. फक्त मग तुझ्या दारापर्यंत येणार नाही, स्टँडवरच बसून राहीन, संध्याकाळच्या गाडीपर्यंत.

अजूनही तुझीच,
वसुधा