डाव्या हाताची रेघ

ता. ९ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

रविवारी सकाळी मी दुकान उघडलं नाही. मागच्या खोलीत बसून देवाचं नाव घेतलं आणि तू मागितलेली पाटी रंगवायला घेतली. फोनवर आपलं बोलणं हल्ली भांडणावर जातं, म्हणून लिहितो आहे.

मनात तेव्हा कसलीच टोचणी नव्हती. घार म्हणवणाऱ्या त्या बाईने तुझ्यावर अक्षरं चोरल्याचा आळ घेतला, तिच्याबरोबर भिंती रंगवणाऱ्या पोरांनी तू रंगवलेल्या भिंतीवर काळ्या रंगात चोर असं लिहिलं, हे ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. तू त्यांना सांगितलंस की ही वळणं माझ्या काकांच्या पाट्यांवरची आहेत. खरं सांगतो, माझी छाती फुगली. माझ्या जुन्या पाट्या तर छापील फलक आल्यावर एकेक करून भंगारात गेल्या. मग जे होतं तेच पुन्हा काढून त्याचा फोटो पाठवला तर त्यात खोटं काय, असं मी स्वतःला समजावलं.

फळी चहाच्या पाण्याने पुसली, पॉलिश पेपरने कडा झिजवल्या. तुझी काकू दारातून म्हणाली की लोक या वयात केस काळे करून तरुण होतात आणि आमचे हे फळीला म्हातारी करत बसलेत. मलाही हसू आलं.

मग तुझ्या भिंतीचा फोटो समोर ठेवून ब्रश टेकवला. पहिलीच आडवी रेघ जमेना. माझी रेघ डावीकडे जाड सुरू होते आणि उजवीकडे निमुळती होत सुटते. हात जिकडे जातो तिकडे रंग संपत जातो. तुझी नेमकी उलटी आहे. तीनदा पुसली. शेवटी ब्रश डाव्या हातात घेतला, तेव्हा कुठे ती त्या वळणाच्या जवळपास गेली.

तू उजव्या हाताने लिहितेस. मीही. मग खारू, ही रेघ कोणाची?

पाटी पूर्ण झाली आहे. फोटो काढलेला नाही. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
काका

---

ता. १५ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही ब्रश उचलाल आणि तुम्हाला कळेल, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

हो, घार डावखुरी आहे. पुलाखाली तिची एक लांब भिंत होती. कामावर जाताना मी रोज एक थांबा आधी उतरून तिच्यासमोर उभी राहायचे. घरी आले की पत्र्यावर स्प्रे मारून तशी रेघ काढायची. उजव्या हाताने ती येत नाही, मनगट उलटं पिळावं लागतं. महिनाभर मला ताट उचलता येत नव्हतं. पण एक दिवस ती आली काका, आणि मी एकटीच खोलीत नाचले.

आता ती माझी नाही का? बोलणं तरी आपण कोणाचं ऐकूनच शिकतो ना? इथे सगळेच कुठून तरी उचलतात. फक्त माझ्याच नावाने शिमगा.

तुमचं नाव मी ठरवून घेतलं नव्हतं. सगळे गोल करून उभे होते, एक जण म्हणाला की हिला स्वतःची सही तरी स्वतःची येते का, आणि सगळे हसले. तेव्हा तोंडातून तुम्ही निघालात. लहानपणापासून अडले की तुमच्याच नावाने हाक मारत आले.

महिनाअखेर रुग्णालयाची मोठी भिंत कोणाला द्यायची ते ठरेल. ती गेली तर या शहरात मला कोणी भिंतीला हात लावू देणार नाही. तुम्ही काही बोलू नका. फोटो बोलेल. एकच पाठवा.

काकूंना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
खारू

---

ता. १८ फेब्रुवारी

पेंटरसाहेबांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. भिंतींवर मी घार या नावाने लिहिते. पत्ता तुमच्या पुतणीकडूनच घेतला. तिने तो दिला, पण नजर वर केली नाही.

आमच्या पोरांनी तिच्या भिंतीवर जे लिहिलं, त्याबद्दल मी त्यांचे कान उपटले आहेत. तो रंग मी स्वतः पुसला. वळण उचलण्याचा मला राग नाही. माझं स्वतःचं वळण येण्याआधी मीही एका म्हाताऱ्याचं उचललं होतं, पण प्रत्येक भिंतीवर आधी त्याचं नाव लिहायचे आणि मग माझं. तिनेही तेवढंच करावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

आता ती म्हणते की वळण तुमचं आहे. माझी पुलाखालची भिंत रस्ता रुंद करताना पाडली, त्यामुळे दाखवायला माझ्याकडेही काही नाही. रात्रंदिवस विचार करते आहे. लहानपणी आम्ही गावोगाव फिरायचो. तुमची एखादी पाटी मी पाहिली असेल आणि विसरले असेन. डोळा कुठून काय उचलतो ते आपल्याला कुठे कळतं?

तसं असेल तर चोर मी आहे. सर्वांसमोर तिची माफी मागेन आणि ही अक्षरं यापुढे काढणार नाही. मला फोटो नको. तुम्ही एक ओळ लिहा, मी मानेन.

कळावे,
घार

---

ता. २६ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

सोबत घारीच्या पत्राची नक्कल आहे. वाच. ते आल्यापासून तुला चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. खरं काय ते तुझ्याच तोंडून निघावं, अशी माझी फार इच्छा होती.

या आठवड्यात पूजेला बसलो की मन स्थिर राहत नव्हतं. तू लहान असताना दुकानात रंगाचा डबा सांडलास आणि मांजराचं नाव सांगितलंस, तेव्हा मी तुझ्या बाबांसमोर मांजरालाच रागावलो होतो. मांजराचं काही बिघडत नव्हतं. इथे एका बाईचा हात बंद पडतो आहे. ती स्वतःच्याच रेघेवर संशय घेऊन बसली आहे, आणि ते मला सहन होईना.

तुझी मेहनत खोटी नाही. उलट्या मनगटाने ती रेघ आणणं मला या जन्मात जमलं नसतं. हेही मी घारीला लिहिलं आहे. पण आधी हे लिहिलं की ती अक्षरं माझी नाहीत, माझ्या दुकानात तशी पाटी कधी नव्हती, आणि एक आहे ती मी याच महिन्यात चहाचं पाणी लावून जुनी केली. तुझ्यासाठी मी काय करायला बसलो होतो तेही तिला कळू दे.

ती भिंत बहुधा तुला मिळणार नाही. लोक हसतील. मला सांगितलंस तर पहिल्या गाडीने येईन आणि ते हसत असताना तुझ्या शेजारी उभा राहीन. नको म्हणालीस तर नाही येणार.

काकू म्हणते की आधी पोरीला विचारायचं होतंत. तिचं बरोबर आहे. पण तुला विचारलं असतं तर तू रडली असतीस, आणि तू रडलीस की माझं काही चालत नाही. म्हणून आज सकाळी ते पत्र टपालात टाकून आलो, आणि मग तुला लिहायला बसलो.

रागाव, पण माणूस तोडू नकोस.

तुझा,
काका