पुसून न पुसलेली माधवी

३ नोव्हेंबर
बोरीत पोचले एकदाची! किशनरावांच्या फोटो स्टुडिओत नोकरी आणि वरच माडीवर राहायला खोली. खिडकीबाहेर कापूस फुटलाय, नुसता पांढराशुभ्र. सकाळी पिंगळीहून निघताना आई रडली, वेडी कुठली. स्टुडिओतले लग्नांचे व्हिडिओ चार डिस्कवर आहेत. एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिन्हींवरून सॉफ्टवेअर तिच्यातलं सगळं पुन्हा जुळवतं. ही सोय इथल्या सुनेनं, माधवीनं केलेली. ती पळून गेली म्हणे. आता ते डिस्कचं मशीन कुरकुरतंय म्हणून मला बोलावलं. किशनरावांच्या बायकोनं, विमलकाकूंनी गरम भाकरी वाढली, पण माझं नाव काही विचारलं नाही.

५ नोव्हेंबर
एक डिस्क फुटलेली निघाली. पडून नव्हे, हातोड्यानं फोडलेली. किशनरावांना विचारलं तर अंगावर आले. "तुला मशीन नीट करायला ठिवलंय, चौकशा करायला न्हाई." नवी डिस्क बसवली. जुळणी चालू आहे.

६ नोव्हेंबर
सगळं परत आलं. एक व्हिडिओ लग्नाचा नाही. माझीच खोली. खाली भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतली सून, माधवी, आतून दार बडवतेय, पाणी मागतेय. बाहेरून विमलकाकूंचा आवाज, "पडू दे तिथंच, मस्ती जिरू दे." शेवटी तिनंच मशीनला जोडून चालू ठेवलेल्या कॅमेऱ्यापुढं ती आडवी होते. उठत नाही.
पळून गेली नाही ती. डिस्क फोडली की व्हिडिओ गेला, असं त्यांना वाटलं. उद्या जिंतूरला जाते, पोलिसात.

७ नोव्हेंबर
कॉपी काढायला बसले तर मागं किशनराव उभे. माझ्यासमोर दोन डिस्क काढून फोडल्या. मोबाइल हिसकावला. मी बाहेर पळाले तर फाटकाला कुलूप.
दोन गेल्यावर काही जुळत नाही. शक्यच नाही.
तरी व्हिडिओ चालतोय.

८ नोव्हेंबर, सकाळ
माधवीचा चेहरा गेलाय. त्या जागी दुसरा भरलाय — माझा. मीच दार बडवतेय, माझ्याच आवाजात पाणी — विमलकाकूंनी जेवायला हाक मारली, माधवी म्हणून. म्हटलं, मी ईश्वरी. त्या हसल्या. "ईश्वरी कोण गं?"

दुपार
पिशवी घ्यायला वर आले — बाहेरून कडी — घसा कोरडा — खाली किशनराव कुणाला तरी सांगायलेत, सून वरच हाय, निजलीय — कुणीतरी आलंय, ऐकू येतंय — मी ओरडतेय, मी पिंगळीची, मी ईश्व—