रेशमी वायर

८ नोव्हेंबर १९५९, रविवार

दोन चाकं, एक पत्र्याचा साटा, आणि त्यात बसवलेली माझी अब्रू! लढाईतल्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतलेला ट्रेलर आज अंगणात येऊन टेकला. ओढायला जीप आहेच — तीही त्याच लढाईतली, आणि माझ्यासारखीच चढावर कण्हणारी. सुतार त्यावर लाकडी खोली चढवणार. आत एक ओटा, शेगडी, एवढीशी मोरी, निजायला एक फळी. चाकावरचं सोवळ्यातलं स्वयंपाकघर! पुण्याच्या पेपराला मी आजवर इथून, बंगळूरहून, याहून पुष्कळ फुटकळ बातम्या पाठवल्यात.

हे सगळं अक्कासाठी. माझी थोरली बहीण. भावजी गेल्यापासून आमच्याकडेच असते. सोवळं असं कडक, की माझी सावली स्वयंपाकघरात पडायची तर आधी विचारून पडते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, “उजवा पिकलाय. आता लांबवलंत तर तो हातचा गेला समजा.” अक्का म्हणाली, “इस्पितळात कुणाकुणाच्या हातचं गिळू? आधी मला काशीला ने. वाटेत माझं मी रांधून खाईन. मग खुशाल डोळे फोडा.”

“फोडत नाहीत गं, कापतात,” मी म्हणालो.

ती हसली नाही.

११ नोव्हेंबर

भीमाचार्य आला होता — माझ्या बायकोचा, विमलाचा, धाकटा भाऊ, वीजखात्यात अभियंता. मी त्याला विद्युदाचार्य म्हणतो. त्याला आवडतं, म्हणून थांबावं म्हणतो, पण जमत नाही. ट्रेलरभोवती तीन प्रदक्षिणा घालून म्हणाला, “भावोजी, घरातला हिशेब इथं विसरा. बॅटरी सहा व्होल्टची. दाब कमी, म्हणून प्रवाह जास्त, म्हणून तार जाड. करंगळीएवढी घ्या. आणि बोर्ड लोखंडी पेटीतला.”

विमला आतून म्हणाली, “लोखंडाला हात लावून शॉक बसला म्हणजे?”

“सहा व्होल्टला मुंगीसुद्धा मरत नाही, अक्का!”

(तोही बहिणीला अक्काच म्हणतो. या घरात ‘अक्का’ अशी हाक मारली की दोघी ओ देतात आणि दोघी रागावतात.)

जाड वायरीचा एक तुकडा तो नमुना म्हणून ठेवून गेला. काळी, रबराची, वरून सुताचं विणकाम. अक्कानं तो लांबूनच ऐकला — म्हणजे मी वर्णन केलं आणि तिनं ऐकलं. “सुती?” म्हणाली. “सुती विटाळतं. माझ्या डोक्यावरून ओवळी वायर फिरवणार? रेशमी आण.”

पाठशाळेत एवढी वर्षं घासली, पण वायरीची शुद्धाशुद्धता कुठल्याही गुरुजींनी काढली नव्हती. तर्क मात्र बिनतोड! सुती वस्त्र शिवलं की ओवळं, रेशमी नाही. मग वायरीनं काय घोडं मारलंय?

१४ नोव्हेंबर

चिकपेट. पाय ठेवायला जागा नाही. एका बाजूला लग्नाच्या साड्या, दुसऱ्या बाजूला खिळे-बिजागऱ्या — संसाराची दोन्ही टोकं एकाच बोळात. यल्लाप्पाच्या विजेच्या दुकानात चाचरत विचारलं, रेशमी वायर वगैरे काही असते का? मला वाटलं हसेल. “इदे, स्वामी, इदे!” — आहे, आहे! वरून वेटोळंच काढलं. दोन पदरांची पीळदार, सोनेरी रेशमानं मढवलेली. दिवाणखान्यात झुंबरं टांगतात ती. कद नेसलेली वायर!

पण बारीक. फारच बारीक. भीमाचा तुकडा खिशात होता, शेजारी धरला. पैलवान आणि भरतनाट्यम्.

“याला जाडी नाही?”

“स्वल्प बारीक,” यल्लाप्पा म्हणाला. “पण चंद (सुंदर) किती आहे बघा!”

घेतली. डॉक्टरांचा ‘हातचा गेला’ कानात होता. रेशीम मिळालं तर काशी, काशी झाली तर डोळा. मध्ये जाडीचा विचार कोण करतो!

अक्कापुढं वेटोळं धरलं. तिनं बोटांनी चाचपलं. बराच वेळ चाचपलं. मग म्हणाली, “मिळाली?” मग, “आत काय आहे?”

“रबर. झाडाचा चीक. वनस्पतिजन्य!”

गप्प बसली. आनंदानं असावं.

१५ नोव्हेंबर

भीमाला अजून दाखवलेली नाही. मी काय त्याला भितो?

२२ नोव्हेंबर

भितो.

पाहून तो कपाळाला हात लावून बसला. “भावोजी, ही राखी आहे, वायर नव्हे!” मी म्हटलं, दोनच दिवे आहेत. “दोनच ठेवा मग,” म्हणाला, आणि बोर्ड जोडायला लागला. बोर्डावरून वेगळं रामायण. फ्यूज चिनी मातीचा; चिनी माती अक्काच्या चुलीपाशी चालत नाही. तेव्हा बोर्ड, बटणं, फ्यूज सगळं खोलीच्या बाहेर, जीपच्या अंगाला. आत फक्त दिवे आणि रेशीम. भीमाची लोखंडी पेटी बाद झाली, विमलानं सुचवलेली सागवानी फळी जिंकली. कुठलाच पक्ष समाधानी नाही — म्हणजे तोडगा उत्तम.

२९ नोव्हेंबर

सकाळी अक्कानं दूध पेल्याच्या शेजारी ओतलं. सरळ, धार न चुकवता, फरशीवर. पेला रिकामाच. मग पदरानं पुसलं, आणि आजूबाजूला कुणी आहे का याची चाहूल घेतली. मी दारात होतो. श्वास रोखून उभा राहिलो, आणि तसाच मागं फिरलो.

दुपारी ट्रेलरमध्ये तिसरा दिवा लावला. संध्याकाळी चौथा. तिला दिसायला हवं ना! फ्यूज जायला लागला. तिथं दुहेरी तार घातली. आता जात नाही.

बसवत नाही. लिहवत नाही. पुण्याला आज तार नाही, बातमी नाही. भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेची गर्दी दारावरून चाललीय. तिच्यातून उगाच देवळापर्यंत जाऊन आलो. परत ट्रेलरपाशी. सुताराला अजून दार बसवायचं आहे. हा रंग कधी वाळणार? काशी किती लांब आहे!

६ डिसेंबर, रविवार

अक्षर वाईट येणार.

आज प्रयोग. अंगणातच, दिवेलागणीला. अक्का कद नेसून आत गेली. पहिला भात तिथं शिजवायचा, देवाला दाखवायचा. दार ओढून घेतलं — कुणी शिवायचं नाही. मी बाहेर बोर्डावरची चारही बटणं दाबली. आत लख्ख! विमलानं टाळी वाजवली. भीमा बोर्डापाशी हातानं वायर चाचपत होता. म्हणाला, “भावोजी, गरम लागतेय.” मी म्हटलं, शेगडीची धग असेल.

मग वास. मग छताच्या फटीतून धूर.

धुरावरून अग्नीचं अनुमान करायचं, हे पाठशाळेत वर्षभर घोकलं होतं. प्रत्यक्ष धूर नाकात गेला तेव्हा मी म्हणालो, “भात करपला वाटतं.”

“कृष्णा!” अक्काची हाक आली. लहानपणी विहिरीपाशी मारायची तशी. “कृष्णा, दार कुठाय?”

दार! हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात एवढी खोली, आणि तिला दार सापडेना. बटण माझ्या हाताशी होतं. एक बोट दाबायचं. ते सुचलंच नाही. ओवळ्या अंगानं, पायांत चपला, तसाच आत घुसलो. धुरात ती ओट्याकडं तोंड करून भिंत चाचपत होती. दंड धरला, ओढत बाहेर काढलं. भीमानं बटणं बंद केली. ओट्याच्या वर रेशमाचा कोळसा, आत उघडं तांबं. आणखी काही नाही. भात उत्तम झाला होता.

अक्काला काही लागलं नाही. दम लागला होता. मग म्हणाली, “शिवलास मला.”

“हो.”

विमला आंघोळीचं पाणी तापवायला पळाली. अक्का म्हणाली, “राहू दे.” आणि तशीच अंगणात बसून राहिली, माझा हात धरून. सोडलाच नाही.

७ डिसेंबर

अक्का दिवसभर पाटावर बसून. काशी गेली, डोळा गेला, माझ्या मूर्खपणानं. संध्याकाळी मला पाटावरून हाक मारली. “काल दार माझ्या पाठीशी होतं ना?”

“हो.”

“मी पुढं शोधत होते. आता डॉक्टरांना विचार, कधी बोलावतात. पण जेवण माझं वेगळं हं, कृष्णा! तुझा रथ तिथं उभा कर.”

१२ डिसेंबर

इस्पितळाच्या अधिकाऱ्यांपुढं बातमीदारकीचं सगळं वजन टाकलं. ते फारसं नाही, पण हसून हो म्हणाले. आवारात, चिंचेखाली. भीमानं जाड वायर ओढून दिली — काळी, सुती. दोनच दिवे. फ्यूजमध्ये एकच तार. अक्काला सांगितलं, सुती आहे. “सरी, सरी,” म्हणाली. बरोबर आहे म्हणे!

काशीचा रथ आमच्या बसवनगुडीतून निघून इस्पितळापर्यंत गेला. जीप वाटेत एकदाच कण्हली.

१८ डिसेंबर

उजवा डोळा झाला. हलायचं नाही म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. विमला आंघोळ करून ओलेत्यानं ट्रेलरमध्ये मऊभात करते, कुणाला न शिवता वर नेते, भरवते. लोक वाट सोडतात. मी चिंचेखाली येरझाऱ्या घालतो. चिंचेला माझा कंटाळा आला असावा.

२९ डिसेंबर

आज पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. अक्कानं माझ्याकडं टक लावून पाहिलं. “काय रे, म्हातारा झालास की!”

इतक्यात नर्स पेला-बशी घेऊन आली. “अज्जी, कॉफी.” वॉर्डातली! अक्कानं हात पुढं केला, घेतली, प्याली. नर्स म्हणाली, रोज पहाटे अज्जींना आधी ही लागते. पहिल्या दिवसापासून!

मी खिडकीतून खाली पाहिलं. चिंचेखाली आमचा रथ. दारात विमला ओलेत्यानं शेगडी फुंकतेय.

“अक्का! मग ते काशीचं? ते रेशमी वायरीचं?”

तिनं पेला खाली ठेवला. बरोबर बशीच्या मधोमध.

“सुरीची भीती वाटत होती रे. म्हटलं, रेशमी वायर मागावी, म्हणजे हा बसेल शोधत. ती चिकपेटेत मिळते, हे मला काय ठाऊक!”