फेअर न केलेली गणितं

ताईस,

आईबाबांना नमस्कार, आणि तुला नमस्काराऐवजी एक चिमटा.

आईला सांग, गणिताच्या शिबिरात मी पोटभर जेवते आणि वेळेवर झोपते. (दुसरं तितकंसं खरं नाही.) खोलीतली मुलगी झोपेत पाढे बडबडते, बाकी गुणी आहे.

इथे सगळेच आपापल्या शाळेत पहिले आलेले. मी रोज अडते आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नाही.

एक गोष्ट तुला लिहावी की नाही, ते ठरत नव्हतं. काल मी सरांना विचारलंच, की आम्ही दोघी बहिणींनी अर्ज केला, ताईची सगळी गणितं सुटली, माझी दोन अर्धवट होती, मग निवड माझी कशी?

ते म्हणाले, "तिची उत्तरं बरोबर होती, पण ती तिथवर कशी पोचली ते कुठेच दिसलं नाही. तू कुठे चुकलीस आणि कुठून वळलीस, ते सगळं कागदावर होतं."

मला रडूच आलं. मी फक्त फेअर करायचा कंटाळा केला होता गं! तू मोत्यासारख्या अक्षरात सगळं उतरवलंस आणि रफ कागद फेकून दिलेस. आणि "चुकलेलं खोडू नकोस, पुढे लागतं," हे मला शिकवलं कुणी?

बाबा काही बोलले नाहीत ना तुला? पुढच्या वर्षी अर्ज करशील ना?

सोबत एक गणित पाठवतेय. मला सुटलेलं नाही. उत्तर नको, तुझे रफ कागदच पाकिटात घाल.

तू ठेवलेलं नाव मिरवणारी,
गिचमिड