मिशी उतरवली

सुपा, सोमवार, संध्याकाळ

सलूनचा खर्च वाचवायचा म्हणून बाजारातून जुना वस्तरा घेतला. आज तिसऱ्यांदा धरला आणि हात सरकला, अर्धी मिशी गेली. मग उरलेलीही काढली. डोक्याचे केस उन्हामुळं आधीच बारीक केलेले.

गावाहून कालच आलोय. कंपनीत सुपरवायझर काकांनी बघितलं आणि मशीन बंद केलं. "गावाला त्यासाठी गेल्तास व्हय? वडील गेले का रे?"

वस्तरा धरता येत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण सगळे बघत होते. मी म्हणालो, "व्हय."

का म्हणालो? आबा तर धडधाकट आहेत. काकांनी त्यांच्या डब्यातली भाकरी मला दिली. मी खाल्लीसुद्धा.

आता तिसगावाहून आबांचा व्हिडिओ कॉल आला. मी मोबाईल छताकडं धरला.

"तोंड दाखव की."

"लाईट न्हाई."

"आवाज का बसलाय? जेवला का?"

"व्हय." सकाळी म्हणालो तसंच.

सारखा ओठावर हात जातोय. उद्या मशीन सुरू व्हायच्या आत काकांना खरं सांगायला पाहिजे. तेराव्याला गावाकडं घरी येतो म्हणालेत. आले तर दारात पाण्याचा तांब्या आबाच पुढं करतील.